दोडामार्गची तिहेरी हद्द: तिलारीचं पाणी पलीकडे जातं, मग बाकीचं कुठे अडतं?

कट्ट्यावरचा (धागाकर्ता)

सीमाभाग म्हटलं की इथली गाडी बेळगावातून सुटते आणि बेळगावातच थांबते. म्हणून मुद्दाम वेगळा धागा काढतोय. आमच्या दोडामार्गात तालुका कुठल्या राज्यात असावा यावर एरवी कोणी भांडत नाही. २०१८ मध्ये काही गावांतून 'आम्हाला गोव्यात घ्या' अशी हाक आली होती, पण तिचं कारण भाषा नव्हतं, दवाखाना होता. त्यावर खाली येतोच.

ज्यांच्या डोळ्यासमोर नकाशा नाही त्यांच्यासाठी: १९९९ साली सावंतवाडीतून वेगळा काढलेला हा तालुका. खाली उतरलं की गोव्याचे पेडणे, डिचोली, सत्तरी. घाट चढलं की एका अंगाला कोल्हापूरचा चंदगड, दुसऱ्या अंगाला कर्नाटकातलं खानापूर. जिल्ह्याचं ठिकाण ओरोस, पण बाजार म्हापसा नाहीतर डिचोली. रोज गोव्यात कामाला जाणारी पोरं किती, हे सकाळी दोडामार्गच्या तिठ्यावर उभं राहिलात की कळेल. हेल्मेट आरशाला अडकवलेलं असतं, ते चेकनाका आला की डोक्यावर चढतं.

आता मुद्दा. या हद्दीवर एक गोष्ट रडतखडत का होईना, पण चालते. तिलारी. १९९० साली दोन राज्यांचा करार झाला, खर्चातला ७३.३० टक्के वाटा गोव्याचा आणि २६.७० टक्के आपला. धरण आपल्या हद्दीत, बुडाली ती गावं आपली (आयनोडे, सरगवे, शिरंगे, पाट्ये, केंद्रे), आणि पाण्याचा मोठा वाटा गोव्याला. चांदेल आणि अस्नोड्याचे जलशुद्धीकरण प्रकल्प त्यावर चालतात. कालवा फुटला की बार्देशात नळ कोरडे पडतात आणि कोनाळकट्ट्याच्या तिलारी प्रकल्प कार्यालयातले फोन वाजायला लागतात. कालवा वरचेवर फुटतो, त्यावर बोलावं तितकं थोडं. पण फुटल्यावर कोणी कोणाला विचारायचं आणि दुरुस्तीचा पैसा कोणी द्यायचा, हे कागदावर आहे.

बाकी सगळं तोंडी. रुग्ण बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जातात, हत्ती पेडण्यात जातात, माकडताप सत्तरीतून आमच्या केर गावात येतो की केरमधून सत्तरीत जातो ते माकडालाच माहीत. त्या वेळी खुर्चीत बसलेला अधिकारी बरा असला तर काम होतं, बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून ओळख. हे असंच चालायचं, की तिलारीसारखं काही लिहून घेता येईल? जाणकारांनी सांगावं.

---

मुंबैकर०७

चांगला धागा. एक बाळबोध प्रश्न. राज्याराज्यांतल्या अशा गोष्टींसाठी केंद्राची काही यंत्रणा असेलच ना? कुठल्याशा परिषदा असतात असं शाळेत वाचलं होतं.

---

निवृत्त_फाईलवाला

असते. क्षेत्रीय परिषदा. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातून आल्या. पश्चिम क्षेत्रीय परिषदेत महाराष्ट्र, गुजरात, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव. अध्यक्ष केंद्रीय गृहमंत्री. २०२२ ला दीवमध्ये, २०२३ ला गांधीनगरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्यात बैठक झाली.

आता गंमत बघा. कर्नाटक या परिषदेत नाही. ते दक्षिण क्षेत्रीय परिषदेत. म्हणजे दांडेलीच्या बाजूने हत्ती निघाला, तिलारीत आला, पेडण्यात उतरला, तर तो दोन परिषदांच्या हद्दी ओलांडून आलेला असतो आणि तिन्ही राज्यं एका टेबलाला बसतील अशी कायमची जागाच नाही. राज्यघटनेच्या २६३ व्या कलमाखाली आंतरराज्य परिषद आहे, पण तिथे केळीच्या बागेचा विषय कोण नेणार?

शिवाय परिषद शिफारस करते. ती पाळलीच पाहिजे असं बंधन कोणावर नसतं. मी नोकरीत असताना अशा बैठकांसाठी टिपण्या तयार केल्या आहेत. विषयपत्रिकेत आपला मुद्दा घुसवणं हेच मोठं काम. एकदा घुसला की पुढच्या बैठकीत 'कार्यवाहीचा अहवाल' द्यावा लागतो, तेवढ्यासाठी तरी खाली हालचाल होते. त्या अहवालाची भीती कमी लेखू नका. अर्धं प्रशासन त्यावर चालतं.

---

झिलगो

ह्ये परिषदा बिरिषदा ऱ्हवांदेत. हत्ती माझ्या बागेत इलो, माड मोडल्यान, केळी खाल्ल्यान आणि पलीकडे गेलो. पलीकडचे म्हणतत तुमचो हत्ती, आमचे म्हणतत कर्नाटकाचो. मी म्हणतंय कोणाचोय असूदे, पंचनामो कोण करतलो ता सांगा!

---

आजऱ्याचा_गडी

झिलगो भाऊ, सहमत. आमच्याकडे चंदगड-आजऱ्यात तेच. फरक एवढाच की तुमच्याकडे हत्ती २००२ ला आले आणि आमच्याकडे त्यानंतर दोनेक वर्षांत.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांना 'नुकसान' म्हणजे काय ते कळत नाही. केळीचं झाड हत्ती सोंडेने उभं चिरतो, आतला पांढरा गाभा खातो, साल तिथेच टाकतो. घडाकडे बघतही नाही कधी कधी. पोफळीला नुसतं डोकं लावतो आणि रेटतो. सकाळी बाग बघितली तर वाटतं रात्री कोणी यंत्र घालून गेलं. आणि माड म्हणजे काही भाताचं पीक नव्हे, की पुढच्या वर्षी पुन्हा लावलं. पोरगं कॉलेजात जाईपर्यंत तो पुन्हा धरायचा नाही.

धागाकर्त्यांच्या एका गोष्टीशी मात्र असहमत. करार नाही म्हणून अडतं, हे पूर्ण खरं नाही. सावंतवाडी वनविभाग कोल्हापूर वनवृत्तातच येतो. एकच राज्य, एकच वृत्त. तरी घाटाखालून हत्ती वर निघाला हे आम्हाला आधी गावकऱ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळतं, खात्याकडून नंतर. तिथे कुठला करार पाहिजे होता?

---

कट्ट्यावरचा (धागाकर्ता)

@आजऱ्याचा गडी: मान्य, करार म्हणजे जादूचा दिवा नाही. पण २०१५ आठवून बघा. कुडाळच्या माणगाव खोऱ्यातले तीन हत्ती पकडले तेव्हा कर्नाटकातून प्रशिक्षित हत्ती आणि माहूत आले होते. म्हणजे मदत मिळते. पण ती मोहीम झाली आणि संपली. पकडलेले सगळे जगले नाहीत, त्यावर तेव्हा बरंच लिहून आलं. त्यातून शिकलेलं कुठे नोंदलं गेलं का? तिन्ही राज्यांचा एक कायमचा गट, एक फोन नंबर, हत्ती कुठे आहे ते रोज कळवायची पद्धत, यातलं काय उरलं?

एप्रिल २०२५ मध्ये मोर्ल्यात हत्तीच्या हल्ल्यात शेतकऱ्याचा जीव गेला. सप्टेंबरात 'ओंकार' नावाचा हत्ती पेडण्यात उतरला, तांबोशाच्या भातशेतीत. तेव्हा दोन्हीकडचे वनकर्मचारी हद्दीवर रात्रभर जागे होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण दोन्हीकडून फटाके लागले की हत्तीने जायचं कुठे? इकडून हाकलला की तिकडे, तिकडून हाकलला की इकडे. याला कोणी सहकार्य म्हणत असेल तर म्हणो बापडा.

---

पेडण्याची_पोर

मी पलीकडची. आमचीही बाजू ऐका.

ऑगस्ट २०१९. तिलारीतून पाणी सोडलं आणि आमच्या शापोराकाठच्या इब्रामपूर, हणखणे, चांदेल भागात घरांत पाणी शिरलं. करार होता ना कागदावर? खर्चाचे टक्के दशांशापर्यंत लिहिले होते. पाणी सोडायच्या आधी खालच्या गावाला कोणी, किती वेळ आधी, कशाने कळवायचं, हे कुठे होतं? आमच्या वाड्यावर लोक गुरं सोडायला धावले तेव्हा गोठ्यात गुडघाभर होतं. तुमच्याकडेही मणेरी, कुडासेत तेच झालं असणार.

दुसरं, बांबोळी. त्यावर गोव्याला शिव्या देणं सोपं आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास, एकट्या सिंधुदुर्गाची साडेआठ लाख. त्यात कारवारचे रुग्ण मिळवा. एवढा भार गोव्याच्या तिजोरीने कायम फुकट उचलावा ही अपेक्षा कशाच्या जोरावर? १ जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं, माझं आजोळ तुमच्या दोडामार्गातल्या भेडशीला आहे. पण हिशेब चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्राने इतकी वर्षं जिल्ह्यात मोठं रुग्णालय उभं केलं नाही, त्याचं बिल गोव्याने का भरायचं?

---

कट्ट्यावरचा (धागाकर्ता)

@पेडण्याची पोर: टोचलं, पण बरोबर टोचलंत. त्या शुल्कानंतर दोडामार्गात मोठं आंदोलन झालं, आणि गोव्यात विलीन करा ही मागणीही त्याच रागातून पुढे आली. मग महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून बांबोळीचं बिल महाराष्ट्राने द्यायचं असा मार्ग निघाला. म्हणजे तुमचाच मुद्दा: पैसा कोण देणार ते ठरलं, मग दार उघडलं.

पण त्यातही एक मेख आहे. योजना ठरावीक उपचारांसाठी, तेही दाखल झाल्यावर. केसपेपर, ओपीडी, साध्या तपासण्या तिच्यात बसत नाहीत. आमचा बहुतेक माणूस आधी ओपीडीलाच जातो. पिवळं-केशरी रेशनकार्ड आणि आधार घेऊन गेलो तरी पहिल्या खिडकीवर 'गोव्याचे का?' हा प्रश्न आहेच. लग्न होऊन डिचोलीला गेलेल्या बहिणीला गोव्याच्या दीनदयाळ योजनेचं कार्ड मिळायचं तर पाच वर्षांचं वास्तव्य लागतं. नवीन नवरीचं पहिलं बाळंतपण तोवर होऊनही जातं.

सिंधुदुर्गात २०२१ पासून वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे हे मान्य, आनंद आहे. पण अपघात झाला की आमची गाडी अजूनही दक्षिणेलाच वळते. अंतरच तसं आहे.

---

सत्तरीतली

माकडतापावर कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. आरोग्य आणि पर्यावरण वेगळे विषय नाहीत हे मला त्या एका साथीने शिकवलं.

हा रोग १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा ओळखला गेला. आमच्या सत्तरीत पाली गावात २०१५ ला आला. २०१६ ला दोडामार्गात केर, त्यानंतर बांद्याकडे. गोचिडीची बारीक पिल्लं, तिळाएवढी, ती हा ताप पसरवतात. आणि त्यांचा हंगाम म्हणजे नेमका काजूचा हंगाम. सगळा गाव त्या दिवसांत बागेत बोंडं वेचायला वाकलेला. पाचोळ्यात हात घालायचा, बोंड पिळून बी काढायची, ती टोपलीत. हात, पाय, कमरेची दुमड, सगळीकडे गोचीड चढते.

आता काम कसं चालतं ते बघा. माकड मरून पडलं की ताबडतोब कळवायचं, त्या जागेभोवती मॅलॅथिऑनची भुकटी मारायची, कारण मेलेल्या माकडावरच्या गोचिडी खाली उतरतात. माकड वनखात्याचं, भुकटी आरोग्यखात्याची, गुरांवरची गोचीड पशुसंवर्धनची. एकाच राज्यात तीन खाती. त्यात माकड मेलं महाराष्ट्राच्या बाजूला, बाग आमची, कामाला आलेली बाई दोडामार्गची, दाखल झाली बांबोळीला. नोंद कुठे होणार? गोव्यात. भुकटी कुठे मारायची? महाराष्ट्रात. मधला निरोप कोण देणार?

पण मी सांगते, त्या वर्षी निरोप गेले. गोवा आणि सिंधुदुर्गचे डॉक्टर एकमेकांशी बोलत होते, रक्ताचे नमुने मणिपालच्या प्रयोगशाळेत जात होते, लस कर्नाटकातून येत होती. आमच्या उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेकडे केरमधल्या आशाताईचा नंबर होता. 'तुमच्याकडे माकड पडलं का' एवढा एक फोन. कोणी परिपत्रक काढलं नव्हतं. गोचीड चढू नये म्हणून अंगाला लावायचं तेल संपलं तर पलीकडून बाटल्या यायच्या, आमच्याकडे आल्या की आम्ही द्यायचो.

आता ती जुनी लस बंद झाली आहे. आणि त्या दोघींपैकी एक निवृत्त झाली.

---

निवृत्त_फाईलवाला

@सत्तरीतली: तुमचा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका, विनंती आहे.

तुम्ही ज्याला 'एवढा एक फोन' म्हणता, तेच कागदावर आणायचं असतं. अशा वेळी दोन जिल्ह्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांमध्ये साप्ताहिक माहिती देवाणघेवाणीचं पत्र पुरतं. त्याला मंत्रालय लागत नाही.

---

खडूधारी

शाळेचं कोणीच काढलं नाही, मास्तर म्हणून मीच काढतो.

गोव्याने २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचं शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू केलं. आमचं जूनमध्ये. त्यामुळे हद्दीवरच्या घरात एक भाऊ गोव्यातल्या साळच्या शाळेत, चुलतभाऊ आमच्याकडे, तर एकाची सुट्टी सुरू झाली तेव्हा दुसऱ्याचं नवं दप्तर आलं होतं. ही गंमत. खरी अडचण बदलीची. गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून, पाचवीपासून बहुतेक ठिकाणी इंग्रजी. आमच्या जिल्हा परिषदेत मूल सातवीपर्यंत मराठीतून शिकतं. बापाची नोकरी म्हापशात पक्की झाली म्हणून सहावीत तिकडे गेलेलं हुशार पोर वर्षभर गप्प बसतं, कारण गणित येतं पण 'न्यूमरेटर' येत नाही.

यावर दोन तालुक्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी काय करावं? फार काही नको. सुट्टीत चार आठवड्यांचा सेतुवर्ग, शिक्षक इकडचा एक, तिकडचा एक. मी आमच्या केंद्रात सुचवलं होतं. 'आंतरराज्य विषय आहे, वर कळवू' म्हणाले. वर म्हणजे कुठे ते विचारायचं राहून गेलं.

नोकऱ्यांचं तर बोलूच नका. गोव्याच्या सरकारी नोकरीला १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला. तिलारीत घर बुडालेल्यांनी गोव्याकडे नोकऱ्या मागितल्या, शेवटी एकरकमी पैशांवर विषय मिटवला. पैसा खर्च झाला, नोकरी मिळालीच नाही.

---

मुंबैकर०७

बसचं काय? तिथे तर दोन्ही महामंडळं आहेत, एसटी आणि कदंब.

---

झिलगो

बसचा मजेशीर आसा. माझी आवस एसटीत बसान म्हापशाक जाता. बायकांचा अर्धा तिकीट हद्दीपर्यंत, फुडे पुरा! कंडक्टर हिशेब करीसर म्हापसा येता. कदंबात बसली तर सरळ पुरा तिकीट. ती म्हणता, हद्द माझ्या पिशयेत आसा की काय?

---

आजऱ्याचा_गडी

😂 आवशीला दंडवत.

---

रानभूल

पर्यावरणावर थोडं. धागाकर्त्यांनी हत्तीत सगळं गुंडाळलं, पण इथला खरा विषय सलग जंगलाचा आहे. राधानगरीकडून तिलारी, तिथून म्हादई अभयारण्य, भीमगड, पुढे काळी. वाघ याच वाटेने येतो-जातो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीत चार वाघ विषाने मेले. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्राने तिलारीचं २९.५३ चौ. किमी क्षेत्र संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. २०२३ ला गोव्यात उच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली २५ गावं पर्यावरणीय संवेदनशील म्हणून अधिसूचित करण्याबाबत आदेश दिला.

यातली एक तरी गोष्ट दोन राज्यांनी बसून ठरवली का? प्रत्येक पाऊल कोर्टाच्या रेट्याने नाहीतर एकेकट्याने. वाघाचा एक पाय संरक्षित जागेत आणि दुसरा रबराच्या बागेत.

---

पेडण्याची_पोर

म्हादईच्या पाण्यावर पण येऊया का? विर्डीचं धरण...

---

कट्ट्यावरचा (धागाकर्ता)

ताई, हात जोडतो. २०१८ च्या लवादाने कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी दिलं, तिन्ही राज्यं नाराज, केंद्राने 'प्रवाह' प्राधिकरण नेमलं, त्याचं कार्यालय पणजीत. एवढ्यावर थांबू. तो विषय आला की धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल आणि आशाताई राहतील बाजूला. वेगळा काढा, मी येतो भांडायला.

इथे मला हवंय ते छोटं आहे. फाईलवाले काका, तुमच्या अनुभवाने सांगा. आमच्या ग्रामसभांनी ठराव केले तर त्यांना काही किंमत असते का?

---

निवृत्त_फाईलवाला

एका ग्रामपंचायतीचा ठराव आला तर तो आवक नोंदवहीत जातो आणि तिथेच राहतो. केर, मोर्ले, मांगेलीचा आणि तिकडून साळ, लाटंबार्से, इब्रामपूरचा एकाच मजकुराचा, एकाच आठवड्यात आला तर अधिकारी दोनदा वाचतो. कारण मग 'हा शेजारच्या राज्याचा विषय आहे' म्हणून परत पाठवता येत नाही. शेजारच्यांनीही तेच मागितलेलं असतं.

मागणी करताना 'समन्वय साधावा' असं लिहू नका. साधतो म्हणतील. पद लिहा. 'तिलारीतून विसर्ग वाढवण्यापूर्वी कार्यकारी अभियंता यांनी पेडणे आणि डिचोलीच्या मामलेदारांना अमुक तास आधी लेखी व दूरध्वनीवरून कळवावे.' 'माकड मृत आढळल्यास तालुका आरोग्य अधिकारी, दोडामार्ग यांनी त्याच दिवशी सत्तरीच्या आरोग्य अधिकाऱ्यांना कळवावे.' हत्तीसाठी उपवनसंरक्षक, सावंतवाडी. एका ठरावात तीनपेक्षा जास्त मागण्या घालू नका. आणि बांबोळीच्या ओपीडीचा विषय वेगळ्या कागदावर घ्या, त्यात पैसा आहे. पैशाचा विषय बाकीच्यांसोबत बांधलात तर चारही वित्त विभागात जाऊन बसतील.

प्रत जिल्हाधिकारी, सिंधुदुर्ग आणि जिल्हाधिकारी, उत्तर गोवा. दोन्ही नावं एकाच कागदावर दिसू देत.

---

खडूधारी

सेतुवर्ग त्या तिनात बसतो का?

---

निवृत्त_फाईलवाला

नाही. तो शाळा व्यवस्थापन समितीकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. खर्च शून्य दाखवा, शिक्षक स्वेच्छेने येणार असं लिहा.

---

सत्तरीतली

आमच्या पंचायतीची ग्रामसभा रविवारी असते. मजकूर इथे टाका, मी छापून नेते. मराठीच ठेवा, इथे सगळ्यांना वाचता येतं. माकडाची मागणी एक नंबरला घ्या, काजू सुरू व्हायच्या आत.

---

कट्ट्यावरचा (धागाकर्ता)

आज रात्री कच्चा मजकूर टाकतो. काकांनी पदांची नावं तपासून द्यावीत. झिलगो, मोर्ल्याच्या सरपंचांशी तुमची सोयरीक आहे ना, ती बाजू तुमच्याकडे.

---

झिलगो

बघतंय. पण आधी माझो पंचनामो.